सहा भोकांचा दगड

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बिशायर परगण्यात, स्टोनी मिडल्टन आणि ईम अशी दोन गावे आहेत. एक दरीच्या तळाशी, दुसरे वरच्या डोंगरपायरीवर. मध्ये जेमतेम दीड-दोन किलोमीटरचे अंतर. चुन्याशिवाय रचलेल्या दगडी गडग्यांमधून, मेंढ्यांच्या कुरणांतून एक पायवाट या दोन गावांना जोडते. त्या वाटेच्या कडेला गवतात एक ओबडधोबड दगड बसलेला आहे. त्याच्या पाठीवर सहा भोके आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या बोटे फिरून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. आज येणारे-जाणारे त्यांत एखादे नाणे ठेवून पुढे जातात. १६६६ च्या उन्हाळ्यात या भोकांत व्हिनेगर ओतलेले असे. त्यात बुडवून ठेवलेली नाणी म्हणजे वरच्या गावाने खालच्या गावाला दिलेली पावाची किंमत.

हा शिवेचा दगड. ईमची माणसे इथवर येत, पैसे ठेवत आणि मागे फिरत. मग स्टोनी मिडल्टनची माणसे खालून चढून येत, अन्न ठेवत, नाणी उचलत आणि उतरून जात. वर्षानुवर्षे एकमेकांच्या बाजाराला, बारशाला, लग्नाला जाणारी माणसे एकमेकांचे तोंड न पाहता देवघेव करू लागली होती.

ईमला सगळे जग ‘प्लेगचे गाव’ म्हणून ओळखते. संसर्ग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःला कोंडून घेणारे गाव, ही त्याची ख्याती. ही गोष्ट बहुतेक वेळा ईमच्या चर्चपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पण कोंडून घेतलेल्या गावाला चौदा महिन्यांच्या साथीतले शेवटचे, सर्वांत वाईट महिने जगवायचे, तर शिवेपलीकडे कुणीतरी चूल पेटवावी लागते. म्हणून ही गोष्ट खालून, पाव ज्या वाटेने वर गेला त्या वाटेने चालत वाचायला हवी.

स्टोनी मिडल्टन नावाप्रमाणेच दगडांचे गाव आहे. मिडल्टन डेल नावाच्या अरुंद खिंडीच्या तोंडाशी ते वसले आहे. खिंडीच्या दोन्ही बाजूंना पांढुरक्या चुनखडीचे उभे कडे, आणि तळातून जाणारा वर्दळीचा रस्ता. चुनखडीच्या खाणींनी इथली कित्येक घरे पोसली. खाणकामगारांना मजबूत पायताण लागते, त्यातून गावात बूट बनवण्याचा धंदा वाढला. १८९९ मध्ये सुरू झालेला विल्यम लेनन यांचा बुटांचा कारखाना याच गावचा. रस्त्यावर एक जुने अष्टकोनी टोलघर आहे. एके काळी तिथे गाड्या थांबवून पथकर घेत. पुढे त्याच घरात मासे आणि बटाट्याच्या चिप्स तळण्याचे दुकान निघाले आणि भटक्यांच्या तोंडी त्याचे नाव झाले.

रस्ता सोडून आत वळले की गावाचा खरा चेहरा दिसतो. सेंट मार्टिनचे चर्च पाहताक्षणी वेगळे वाटते, कारण त्याचे सभागृह चौकोनी नाही, अष्टकोनी आहे. १७५७ मध्ये जुने चर्च आगीत गेले. १७५९ मध्ये नवे उभे राहिले, पण त्याला जोडलेला चौकोनी मनोरा मात्र आगीतून वाचलेला, पंधराव्या शतकातला. जोन एअर नावाच्या स्त्रीने तो बांधवला असे गावात सांगतात. तिचा नवरा १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईवर गेला होता. तो जिवंत परत आला, आणि तिने बोललेला नवस फेडला. चर्चच्या जवळच कोमट पाण्याचे झरे आहेत. रोमन लोक तिथे अंघोळ करीत, अशी समजूत गावात पक्की आहे. आज तिथे दिसते ते स्नानगृह त्या मानाने बरेच अलीकडचे.

खिंडीतल्या एका कड्याला ‘प्रेमिकांची उडी’ म्हणतात. १७६२ मध्ये हॅना बॅडली नावाच्या तरुणीने प्रेमभंगाच्या दुःखात त्यावरून स्वतःला झोकून दिले. तिचे घेरदार परकर वाऱ्याने फुगले, झुडपांत अडकले, आणि ती थोड्याशा खरचटण्यावर निभावली. गाव ही गोष्ट आजही आनंदाने सांगते. पण या दरीतल्या दुसऱ्या एका प्रेमकथेत कुणी वाचले नाही, आणि त्या कथेतला तरुण याच गावचा होता.

चर्चमागून पायवाट चढू लागते. चढण दमवणारी आहे, पण लांब नाही. मागे वळून पाहिले की खिंडीतली घरे एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात. पुढे मोकळे कुरण, गडगे आणि ओलांडायच्या दगडी पायऱ्या. मग तो सहा भोकांचा दगड येतो. त्याच्यापुढे ईमची हद्द.

हद्दीच्या आत शिरल्यावर गावाच्या तोंडाशी लिडगेट नावाची गल्ली लागते. गाव बंद असताना या वाटेवर पहारा असे, असे सांगतात. गल्लीच्या कडेलाच दोन थडगी आहेत, जॉर्ज डार्बी आणि त्याची मुलगी मेरी यांची. दोघेही १६६६ च्या उन्हाळ्यात गेले. ही थडगी दफनभूमीत नाहीत, रस्त्याला लागून आहेत. अशी उघड्यावरची थडगी ईममध्ये जागोजागी भेटतात, आणि त्यामागे एक ठरवून केलेला निर्णय होता.

त्या निर्णयापर्यंत पोचायला आणखी थोडे चालावे लागते. ईमच्या मुख्य रस्त्याने जाताना दगडी पाणवठे दिसतात. १५८८ मध्ये डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळांनी आणून गावभर अशा कुंड्यांत सोडले होते. इतक्या लवकर सार्वजनिक पाणीपुरवठा करणारी खेडी इंग्लंडमध्ये थोडी. ईम म्हणजे काही माळावर पडलेली गरीब वस्ती नव्हती. डोंगरात शिसे सापडत होते, खाणी चालत होत्या, शेती होती, आणि लंडनहून कापड मागवणारा शिंपीही होता.

चर्चला लागून असलेल्या घरांच्या रांगेला आज ‘प्लेगची घरे’ म्हणतात. प्रत्येक घरावर पाटी आहे, आणि पाटीवर त्या घरातल्या मेलेल्यांची नावे. यातल्याच एका घरात शिंपी अलेक्झांडर हॅडफील्ड राहत होता. १६६५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्याच्याकडे लंडनहून कापडाची पेटी आली. त्या वर्षी लंडन प्लेगने ओस पडत होते. तिथल्या मृत्युपत्रकांत वर्षभरात प्लेगचे ६८,००० हून अधिक बळी नोंदले गेले. परंपरा सांगते की कापड ओलसर होते, म्हणून शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स याने ते शेकोटीपुढे वाळत घातले. काही दिवसांत त्याला ताप चढला, अंगावर गाठी आल्या. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याचे दफन झाले. त्याच महिन्यात हॅडफील्डच्या घरातला सावत्र मुलगा एडवर्ड कूपर गेला, आणि ऑक्टोबर उजाडताच एडवर्डचा भाऊ जोनाथन. त्यांची आई मेरी या साऱ्यातून वाचली. पुढच्या ऑगस्टमध्ये तिचा दुसरा नवराही गेला.

समोरच्या बाजूला सिडॉल कुटुंबाचे घर होते. तिथली एमट सिडॉल ही तरुणी आणि स्टोनी मिडल्टनचा रोलंड टॉर यांचे लग्न ठरले होते. साथ एमटच्या घरात शिरली आणि बाप-भावंडांचा बळी घेऊ लागली. तेव्हा दोघांनी आपापसांत एक नेम केला. कुकलेट डेल्फ नावाची खोलगट हिरवी दरी गावाच्या कडेला आहे. तिच्या दोन काठांवर उभे राहून ते एकमेकांना पाहत, पण जवळ जात नसत. एप्रिलच्या अखेरीस एमट यायची थांबली. रोलंड येत राहिला. नोव्हेंबरनंतर गाव खुले झाले तेव्हा आत जाणाऱ्या पहिल्या माणसांत तो होता, आणि एमट महिन्यांपूर्वीच गेल्याचे त्याला तेव्हा कळले, अशी ही कथा.

या कथेतली तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. एमटचा मृत्यू २९ एप्रिल १६६६ चा. गावाने शीव बंद केली ती जूनमध्ये. म्हणजे कुणी पाळायला सांगण्याआधीच दोन गावांच्या मध्ये अंतर राखले जाऊ लागले होते.

जूनमध्ये उन्हाळा चढला आणि थंडीत मंदावलेली साथ पुन्हा उसळली. विल्यम मॉम्पेसन हा ईमचा तरुण धर्मगुरू १६६४ मध्येच गावात आला होता. गावाचा त्याच्यावर अजून पुरता विश्वास बसला नव्हता. त्याच्या आधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली प्युरिटन पंथाचा. १६६२ च्या धार्मिक कायद्यापुढे मान तुकवायला नकार दिल्यामुळे त्याचे पद गेले होते, पण गावकऱ्यांच्या मनातली जागा गेली नव्हती. तो तेव्हा गावाच्या टोकाला राहत होता. हे दोघे एका बाकावर बसतील, असे त्या काळातल्या कडवट वातावरणात कुणाला वाटले नसते. पण त्यांनी एकत्र बसून गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या.

पहिली, मृतांचे दफन चर्चच्या आवारात करायचे नाही. ज्याने त्याने आपापल्या घराजवळ, शेतात, बागेत आपल्या माणसाला पुरायचे. दुसरी, चर्चला कुलूप घालायचे आणि प्रार्थना उघड्यावर, कुकलेट डेल्फमध्ये करायची. तिथे एक कुटुंब दुसऱ्यापासून दूर उभे राहू शकत होते. डेल्फच्या चुनखडीत निसर्गानेच एक कमान कोरली आहे, मॉम्पेसन तिथून प्रवचन देई. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. साथ संपेपर्यंत शीव ओलांडून कुणी बाहेर जायचे नाही.

काही सधन कुटुंबे आधीच निघून गेली होती. मॉम्पेसनने आपली दोन्ही मुले यॉर्कशायरला पाठवली होती. त्याची पत्नी कॅथरीन मात्र थांबली. जे उरले त्यांतल्या बहुतेकांना जायला दुसरी जागाही नव्हती. आणि बाहेरच्या जगाने त्यांना काय दिले असते, ते टाइड्सवेलच्या बाजारातल्या एका गोष्टीवरून कळते. ईमची एक स्त्री तिथल्या बाजारात गेली. कुणीतरी तिला ओळखले. ‘प्लेग, प्लेग’ अशी हाकाटी झाली आणि लोकांनी चिखल-दगडांचा मारा करत तिला गावाबाहेर हाकलले. शीव आतून पाळली गेली हे खरे, पण बाहेरच्या भीतीने तिला आणखी उंची दिली होती.

त्या भीतीवर मात करून जी माणसे अन्न घेऊन येत राहिली, त्यांचे मोल म्हणूनच मोठे. चॅट्सवर्थच्या प्रासादातून डेव्हनशायरचा अर्ल अन्न आणि औषधे पाठवत होता, असे परंपरा सांगते. सामान ठेवायच्या जागा ठरल्या. दक्षिणेकडे स्टोनी मिडल्टनच्या वाटेवरचा तो दगड. उत्तरेकडे डोंगरमाथ्यावर, ग्रिंडलफर्डकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक लहानसा झरा, त्याला आज ‘मॉम्पेसनची विहीर’ म्हणतात. तिथे नाणी वाहत्या पाण्यात ठेवत. गावापासून तिथवरचा चढ चांगलाच दम काढतो. वर पोचल्यावर दिसते ती साधी, दगडाने बांधून काढलेली पाण्याची जागा. ईमच्या साऱ्या वाटांवरचे हे सर्वांत निवांत ठिकाण.

जुलैमध्ये गावात ५६ माणसे गेली. ऑगस्टमध्ये ७८.

त्या ऑगस्टची कथा सांगणारी जागा गावाच्या पूर्वेला आहे. रायली नावाच्या शेताकडे जाणारी वाट झाडीतून चढते आणि एका मोकळ्या उतारावर येते. तिथे गोल दगडी कुंपणात सात थडगी आहेत. ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने आपला नवरा जॉन आणि सहा मुले इथे पुरली. खड्डे तिनेच खणले, प्रेते तिनेच ओढत आणली. संसर्ग टाळण्यासाठी प्रेताच्या पायांना कापड बांधून ती ओढत नेई, असे सांगतात. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडल्टनची माणसे हे पाहत होती, आणि त्यांना जवळ जाण्याचे धाडस झाले नाही, हीही कथा आहे. शेवटी एलिझाबेथ शेफील्डला, उमेदवारी करणाऱ्या आपल्या उरलेल्या मुलाकडे निघून गेली. ही जागा आज नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. इथे उभे राहिले की खालची दरी आणि पलीकडची टेकडी स्वच्छ दिसते. एका काठावरून पाव आला, त्याच काठावरून हेही पाहिले गेले. खालच्या गावाची भूमिका या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच समजून घ्यावी लागते. त्यांनी जीव धोक्यात घालून मदत केली नाही. जीव वाचवून जेवढी करता येईल तेवढी, पण न चुकता केली.

गावात प्रेते पुरायला माणूस उरला नाही, तेव्हा मार्शल हाऊ पुढे आला. त्याला आधी प्लेग होऊन गेला होता. आता आपल्याला तो पुन्हा होणार नाही अशी त्याची खात्री होती. ज्यांच्या घरात कुणी हात लावायला उरले नव्हते, त्यांना तो पुरे, आणि मोबदल्यात घरातले सामानसुमान उचलून नेई. ऑगस्टच्या शेवटी त्याची बायको आणि मुलगा तीन दिवसांच्या अंतराने गेले.

कॅथरीन मॉम्पेसन २५ ऑगस्टला गेली. तिचे थडगे चर्चच्या आवारात आहे. त्याच आवारात आठव्या शतकातला, नक्षीने भरलेला सॅक्सन क्रूस उभा आहे. त्याच्या दांड्याचा एक भाग कधीच हरवला, तरी त्याचे वरचे टोक देवदूतांच्या आकृत्यांसह शाबूत आहे. भिंतीवर १७७५ चे सूर्यघड्याळ आहे. आत, १९८५ मध्ये बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत एमट आणि रोलंड, मॉम्पेसन आणि स्टॅन्ली ही सारी मंडळी एकत्र आली आहेत.

शेवटचा बळी एब्रहम मॉर्टन. तारीख १ नोव्हेंबर १६६६. मग गावाने कपडे, गाद्या, लाकूडसामान जाळले. २० नोव्हेंबरला मॉम्पेसनने एका पत्रात हिशेब लिहिला: ७६ कुटुंबांत प्लेग शिरला, २५९ माणसे गेली. चर्चच्या नोंदवहीवरून साधारणतः २६० हा आकडा धरला जातो. पूर्वी असे मानत की गाव साडेतीनशे वस्तीचे होते आणि त्यातले जेमतेम पाऊणशे-शंभर उरले. करांच्या आणि जन्म-मृत्यूंच्या नोंदी नव्याने तपासल्यावर लोकसंख्या सातशेच्या घरात होती असे दिसले. तरीही दर तीन माणसांमागे एकाहून अधिक गेला.

मॉम्पेसनचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. नॉटिंगहॅमशायरमधल्या ईकरिंग गावी त्याची बदली झाली. तिथल्या लोकांनी प्लेगच्या गावातून आलेल्या धर्मगुरूला आत घ्यायला नकार दिला. काही काळ त्याला गावाबाहेर झोपडीत राहावे लागले, आणि एका झाडाखाली उभे राहून प्रवचन द्यावे लागले. शीव त्याच्या पाठोपाठ तिथवर गेली होती.

ही सारी गोष्ट आपल्यापर्यंत कशी आली, हाही इतिहासाचाच भाग आहे. त्या काळचा लेखी पुरावा थोडा आहे: मृत्यूंच्या नोंदी आणि मॉम्पेसनची तीन पत्रे. १७२० च्या दशकात रिचर्ड मीड या डॉक्टरांनी साथीच्या रोगांवरच्या आपल्या पुस्तकात ईमचे उदाहरण दिले. १८४२ मध्ये विल्यम वूड या ईमच्याच रहिवाशाने गावाचा इतिहास लिहिला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी त्याने त्यात गुंफल्या. मार्शल हाऊ, टाइड्सवेलचा बाजार, एमट आणि रोलंड आज ज्या रूपात भेटतात, ते बरेचसे वूडच्या पुस्तकातून. अलीकडच्या इतिहासकारांनी बजावले आहे की या शौर्यगाथेचा मोठा भाग प्लेगनंतर शंभर-दोनशे वर्षांनी आकाराला आला. म्हणून ईममध्ये फिरताना नोंदवही आणि दंतकथा वेगळ्या ओळखाव्या लागतात. एलिझाबेथ हॅनकॉकच्या घरचे आठवड्यातले सात मृत्यू नोंदीतले आहेत. प्रेताच्या पायाला बांधलेले कापड तोंडी परंपरेतले.

वूडने १८४२ मध्ये ओल्या कापडाची कथा लिहिली, तेव्हा त्या कापडात नेमके काय होते हे जगात कुणालाच माहीत नव्हते. त्याचे उत्तर मिळायला आणखी पन्नासेक वर्षे लागली, आणि ते मिळाले आपल्या मुलखात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि गाठींनी माणसे मरू लागली. हा प्लेग आहे हे ओळखले मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांचे नाव आजही परळच्या संस्थेला आहे. जून १८९८ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदीर आणि पिसवा यांच्यावर प्रयोग केला. पिसू रोगी उंदरावरून निरोगी उंदरावर प्लेग नेते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या वेळी अनेकांनी ते मानले नाही. १९०५ नंतर परळमध्ये झालेल्या संशोधनाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ईमच्या घरावरच्या पाटीशी उभा राहून कुणी वाटाड्या ‘कापडातल्या पिसवा’ म्हणतो, तेव्हा तो कराची आणि परळमध्ये मिळालेले ज्ञान सांगत असतो.

मराठी वाचकाला ईममध्ये आणखी एक गोष्ट ओळखीची वाटते. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द ऐकताच घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहिलेल्या गावांच्या आठवणी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. १८९७ मध्ये पुण्यात सैनिक घरांत घुसून झडत्या घेत होते. लोकांना बळाने वेगळे काढले जात होते. त्या संतापातून २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग तोच होता. ईममध्ये दोन धर्मगुरूंना गावासमोर उभे राहून समजावून सांगावे लागले होते, आणि त्यांच्या हाती बंदूक नव्हती.

मग ईमच्या निग्रहाचा उपयोग झाला का? २०१६ मध्ये दोन संशोधकांनी गावाच्या नोंदींवर गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कधी गेले, कोण कुणाच्या घरातले, याचा माग काढून त्यांनी निष्कर्ष मांडला की सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली. उरलेली उंदरांकडून. एकाच छपराखाली, शुश्रूषा करताना रोग पसरत गेला. हे मान्य केले, तर शीव बंद ठेवण्याला अर्थ होता. रायलीच्या उताराकडे पाहत जागच्या जागी थांबलेल्या माणसांनीही, नकळत, योग्य तेच केले होते. व्हिनेगरने नाणी शुद्ध होतात या समजुतीचा फारसा उपयोग झाला नसेल. पण अन्न ठेवून निघून जायचे आणि मगच दुसऱ्याने यायचे, या शिस्तीने दोन्ही गावांतले श्वास एकमेकांपासून लांब राहिले. ईमची साथ शेजारच्या गावांत गेली नाही, असेच परंपरेने मानले जाते.

आज ईमचे संग्रहालय एका जुन्या मेथॉडिस्ट प्रार्थनागृहात आहे. ते १९९४ मध्ये सुरू झाले. स्थानिक इतिहासकार क्लॅरेन्स डॅनियल यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आणि कागद हा त्याचा पाया. छपरावरचे वातकुक्कुट मात्र कोंबड्याच्या आकाराचे नाही, तिथे उंदीर फिरतो. आत प्रत्येक कुटुंबाची यादी आहे. पर्यटक तिथे बराच वेळ रेंगाळतात, कारण यादीतली आडनावे वाचता वाचता एक एक घर रिकामे होत गेलेले समजते. २०२० मध्ये सारे जग घरात बसले तेव्हा देशोदेशीच्या पत्रकारांना पुन्हा ईम आठवले.

दोन्ही गावांना खऱ्या अर्थाने भेटायचे, तर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जावे. डर्बिशायरमध्ये ‘विहिरी सजवण्याची’ जुनी रीत आहे. लाकडी चौकटीत ओली माती लिंपतात आणि तिच्यावर पाकळ्या, पाने, शेवाळ, बिया, साली एक एक करून दाबत मोठे चित्र उभे करतात. ते झऱ्याजवळ किंवा पाणवठ्याशी मांडतात. रांगोळीचा नाद असलेल्या माणसाने तासभर पाहत उभे राहावे असे हे काम. मातीचा ओलावा असेतो, म्हणजे आठवडाभर, चित्र ताजे दिसते, मग पाकळ्या काळ्या पडतात. स्टोनी मिडल्टन आणि ईम दोघेही ही रीत सांभाळून आहेत. ईमची सजावट ऑगस्टच्या शेवटी असते, आणि त्याच सुमारास, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, प्लेगमध्ये गेलेल्यांची आठवण म्हणून कुकलेट डेल्फमध्ये उघड्यावर प्रार्थना होते. कॅथरीनच्या थडग्यावर फुलांचे चक्र ठेवले जाते.

प्रार्थना संपल्यावर गर्दी ईमच्या चहाच्या दुकानांकडे वळते. थोडी माणसे लिडगेटच्या गल्लीतून, डार्बी बापलेकींच्या थडग्यांवरून, खालच्या वाटेला लागतात. ईमच्या नोंदवहीत प्रत्येक बळीचे नाव आणि तारीख आहे. शिवेच्या दगडावर काहीच कोरलेले नाही. पाव कुणी भाजला, टोपली कुणी वाहिली, व्हिनेगरमधली नाणी मोजून घेताना कुणाचा हात थबकला, यातले काही तिथे लिहिलेले नाही. पाऊस पडून गेला की सहाही भोकांत पाणी साचते. त्यात बुडालेली नाणी दिसतात, आणि पुढे गवतातून उतरत जाणारी स्टोनी मिडल्टनची वाट.